कंडक्टरबाईंचा रस्ता

काउंटरच्या काचेवर कात्रीचा एक टोला पडला की समजायचं, लडी परत डब्यात. दोन पडले की लडी पसंत. एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. नागपूर–पारशिवनी गाडीवर वीस वर्षं घंटीची दोरी ओढलेली बाई दोऱ्याच्या दुकानात आली, म्हणून तिची सवय थोडीच सुटणार?

“काच फुटेल हो!” मी दर वेळी ओरडायचे.

“फुटली तं फुटली. रंग चुकला नाही पायजे,” कंडक्टरबाई म्हणायच्या.

नागपूरच्या महाल भागात आमचं दोरे, सुया, लेस, बटणं असं दुकान आहे. सासऱ्यांनी काढलं, आता मी चालवते. अशा दुकानात तुम्हीही कधी ब्लाउजपीस घेऊन उभे राहिला असाल. तो पुढे केला की मी न बघता हात मागे घालते आणि नेमकी लडी काढते. या गोष्टीची मला भारी घमेंड होती. गिऱ्हाईक रंगाचं वर्णन करायला लागलं, की मी शेड कार्डावरचा नंबर सांगून त्याला गप्प करायचे.

कंडक्टरबाई गप्प होणाऱ्यातल्या नव्हत्या. ड्यूटी संपली की खाकी गणवेशातच यायच्या. खांद्याला पर्स, पर्समध्ये भरतकामाची रिंग. पारशिवनीच्या स्टँडवर गाडी परत फिरायची वाट बघत उभी असायची, तेवढ्यात मागच्या बाकावर बसून त्या भरत. ड्रायव्हरभाऊ चहाला गेले की यांची एक पाकळी झालीच.

दोन वर्षांपूर्वी पितृपक्षात मी मोबाइलवर बघून मोठ्या हौसेने ‘ऑटम’चा माल भरला होता. विटकरी, तपकिरी, गंजका नारिंगी, आणि सोबत झडलेल्या पानांचे छापील नमुने. नवरात्रात बाया तुटून पडतील अशी माझी खात्री. बाईंनी तो सगळा ढीग दोन्ही हातांनी खालीवर केला.

“हे काय होय वं, ताई?”

“शरद ऋतूचे रंग आहेत. सध्या हेच चालते.”

“कोनाचा शरद? आपल्या इथं पानं होळीच्या तोंडावर झडतेत. दसऱ्याले तं पाय ठेवाले जागा नाही, इतकं हिरवं राह्यते!” टण्. एकच टोला. “हे ठेव उचलून. मी सांगतो ते काढ.”

(बाई स्वतःबद्दल बोलताना ‘मी सांगतो’ म्हणत. घंटी ओढता ओढता हुकूमच तसे सुटायचे.)

त्याच दिवशी त्यांनी मला खरी गोष्ट सांगितली. गुडघे पार गेले होते. हलकी ड्यूटी मागितली होती, ती मिळाली. पण चंद्रपूरला, आरक्षणाच्या खिडकीत. दिवाळी झाली की हजर व्हायचं.

“खिडकी भेटली मले,” त्या म्हणाल्या, “पन त्या खिडकीतून मानसाचे हातच दिसतेत वं. फूल कुठून दिसन?”

म्हणून त्यांना हा रस्ता भरून न्यायचा होता. वीतभर रुंद, पाच हात लांब अशी मांजरपाटाची पट्टी घेतली होती. एका टोकाला नागपूर, दुसऱ्या टोकाला पारशिवनी. मधे, जिथे जे फूल दिसतं तिथे तेच भरायचं. हाताशी फक्त एवढाच हंगाम होता. पुढच्या साली फुलं असतील, पण बाई या रस्त्यावर नसतील.

मग काय विचारता! रोज संध्याकाळी दुकानात रस्ता उलगडायचा. कन्हान नदीच्या काठच्या कास गवताच्या तुऱ्यांसाठी त्यांना पांढरा हवा होता. मी पांढरा काढला. टण्. मोतिया काढला. टण्. “पांढरा नाही, उन्हात उभा राहून थकलेला पांढरा!” हा नंबर कुठल्या शेड कार्डावर असतो, सांगा. शेवटी मी दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा डोळ्यांवर चढवला, फिकट राखाडी आणि दुधी शेजारी शेजारी धरले आणि दोन टोले पडले. टाका कोणता? भरीव टाक्याने कास दगडासारखा दिसायला लागला. मग एकाच पदराचे लांब सुटे टाके, वरचं टोक मोकळं. कापडावर वारा सुटल्यासारखं झालं. मी गल्ल्यावरून उठून टाळी वाजवली.

रस्त्याकडेच्या तरोट्याच्या पिवळ्या फुलाला लेझी-डेझी टाक्याच्या पाच पाकळ्या. कामठीपलीकडच्या झेंडूच्या वावराला साखळी टाक्याचे गोल गोल वेढे, बाहेरून गडद, आत फिकट. गाजरगवताला मात्र मी आडवी आले.

“अहो, ते काय भरायचं फूल आहे? अंगाला लागलं तर खाज सुटते.”

“खाज सुटते, पन उभं आहे नं रस्त्यावर? मी कोनाले गाडीतून उतरवत नसतो,” त्या म्हणाल्या, आणि बारीक गाठींचे टाके घालून गाजरगवताला जागा दिली. ते इतकं देखणं झालं की मला रागच आला.

हळूहळू माझंच चित्त दुकानात लागेना. पाच वाजले की मी डबे उघडून ठेवायचे. दुसऱ्या बायांना ‘मॅचिंग उद्या’ म्हणून वाटेला लावायचे. बाई उंबऱ्यात दिसल्या की मी हातातला बटणांचा डबा तसाच टाकून उठायचे. एवढी तर मी लग्नाच्या वेळीही उतावीळ नव्हते.

आणि मग कापूस आला.

पारशिवनीच्या अलीकडे, रस्त्याला लागून पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, मोठं वावर आहे. बाईंनी सकाळच्या फेरीत पाहून, दुपारी दुकानात डोकावून सांगितलं, फूल पिवळट दुधी आहे. लडी दिली, दोन टोले पडले. संध्याकाळी तीच लडी घेऊन परत. “बदलून दे वं. वापसीच्या फेरीत गुलाबीसर दिसलं.” दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, पक्कं गुलाबी आहे. तिसऱ्या दिवशी, दुधीच आहे.

“एकदा काय ते ठरवा नं!” मी वैतागले.

बाई कोपर टेकून काउंटरवर वाकल्या. मग हळूच म्हणाल्या, “ताई, माहे डोळे बी चालले का वं? गुडघे गेले ते गेले. आता हे बी काहून?”

वीस वर्षं त्या वावरावरून गेलेली बाई. पण जन्म महालातला, माझ्यासारखाच. फुलं पाहिली होती ती धावत्या खिडकीतून. दोघींनाही पऱ्हाटीतलं ओ का ठो कळत नव्हतं. त्यांच्या आवाजातली ती भीती मला सहन झाली नाही. मी दुसऱ्या दिवशी जाऊबाईंना दुकानात बसवलं, दुधीपासून राणी-गुलाबीपर्यंतच्या सगळ्या लड्या एका स्टीलच्या डब्यात भरल्या आणि दुपारच्या गाडीत चढले.

वावर आलं आणि बाईंनी दोरी ओढली. टण्! जिथे थांबा नाही, झाड नाही, माणूस नाही, तिथे. ड्रायव्हरभाऊंनी करकचून ब्रेक लावला.

“काय झालं वं ताई? इथं कोन उतरते?”

“मी उतरतो. दोनच मिनिटं थांब गा भाऊ.”

कंडक्टरच उतरल्यावर गाडी जाते कुठे? पाहता पाहता अर्धी गाडी खाली. मी चिखलात डबा उघडून उभी. समोर पऱ्हाटी, आणि एकाच झाडावर तिन्ही रंग! दुधी, गुलाबी आणि दोन्हींच्या मधलं, कडेला लाली चढलेलं. आम्ही दोघी तोंडं उघडी टाकून बघत राहिलो.

टोपली घेऊन उतरलेली एक म्हातारी आमच्याकडे बघून खो खो हसायला लागली. “अवं, हे आजचं, हे कालचं! सकाळी दुधी फुलते, दुपार उलटली का लाली चढते, उद्या गुलाबी होऊन मिटते. मंग बोंड धरते. इतक्या शिकल्या न् एवढं माहीत नाही?”

“वीस वर्षं, माय!” बाई ओरडल्या. “वीस वर्षं याच रस्त्यानं! न् मले कोनी सांगतलं नाही!” आणि त्या त्या म्हातारीपेक्षा मोठ्याने हसल्या. डोळे शाबूत होते. मी इतकी हलकी झाले की मलाच रडू फुटलं.

दुधी जमला, गुलाबी जमला. अडलं ते मधल्या फुलावर. डोक्याला दुपट्टा बांधलेले एक काका म्हणाले, अजून लाल पायजे. कॉलेजची एक मुलगी म्हणाली, नाही, पीच. प्रत्येकाच्या हातात माझी एक लडी आणि प्रत्येकाचं मत वेगळं. गिऱ्हाइकांना गप्प करणारी मी सगळ्यांचं निमूट ऐकत होते. मग मला सुचलं. सहा पदरी दोरा सुटा केला. दुधीचे दोन पदर, गुलाबीचा एक, एकाच सुईत ओवले आणि तिथेच माझ्या रुमालावर लांब-आखूड टाक्यांनी एक पाकळी भरली. बाईंनी रुमाल फुलाशेजारी धरला. सगळी गाडी भोवती वाकली.

बाईंनी मागे न बघता गाडीच्या पत्र्यावर कात्री हाणली. टण् टण्!

आणि ड्रायव्हरभाऊंनी सवयीने गाडी सोडली.

जी काय पळापळ झाली, ती मी जन्मात विसरणार नाही. म्हातारी टोपलीसकट पुढे, काका दुपट्टा सावरत मागे, आणि बाई दुखरे गुडघे घेऊन “अरे थांब गा, थांब!” करत सगळ्यांच्या शेवटी. मी आणि कॉलेजच्या मुलीने त्यांना वर ओढून घेतलं. पारशिवनी येईपर्यंत गाडीत हसणं थांबलं नाही.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी त्यांनी काउंटरवर पट्टी पसरली. मी एक एक फूल बोटाने मोजत गेले. कास, तरोटा, झेंडू, गाजरगवत, तिरंगी पऱ्हाटी. आणि त्यापुढे पारशिवनीपर्यंत कोरं कापड.

“हे राहून गेलं?”

“राहून नाही गेलं. तिथं मी बाहेर पाह्यलंच नाही कधी. वावर गेलं का लोक उतराले उभे राह्यतेत. मले नुसत्या पाठी दिसतेत. खोटं फूल कसं भरू?”

पट्टी गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि निघाल्या. मला वाटलं, वळून काहीतरी बोलतील. पण दुकानाच्या पायऱ्या उतरताना गुडघ्यांकडेच लक्ष द्यावं लागत होतं त्यांना. दुकान त्यानंतर महिनाभर मला भकास वाटलं.

गेल्या आश्विनात मी पुन्हा त्या गाडीत बसले. वावर मागे पडलं, लोक सामान घेऊन उभे राहिले. “उतरत नाही का, काकू?” एका मुलाने विचारलं. मी खिडकी सोडली नाही. कुंपणावरचा गोकर्ण, शाळेच्या फाटकाजवळची कोरांटी, एका अंगणातली शेवंती, तुरीचा पहिला बहर. घरी येऊन चार लड्या क्रमाने एका पुठ्ठ्याला बांधल्या आणि चंद्रपूरला कुरिअर केल्या. चिठ्ठीत फुलांची नावं लिहिली, आणि सगळे उभे राहिले तरी मी बसूनच राहिले, हेही.

महिना झाला, दीड झाला. मग एका दुपारी मोबाइलवर फोटो आला. पट्टीचं शेवटचं टोक, पूर्ण भरलेलं. पण तिथे कुंपण नव्हतं, अंगण नव्हतं. तिथे माणसांच्या पाठी होत्या, दाटीवाटीने उतरायला उभ्या राहिलेल्या. दप्तराची पाठ, दुपट्ट्याची पाठ, लेकरू खांद्यावर झोपलेली पाठ. आणि बायांच्या अंबाड्यांत, वेण्यांत माझे चारही रंग खोचलेले होते: गोकर्ण, कोरांटी, शेवंती, तूर.

सगळे उभे, फक्त एक बाई बसलेली, खिडकीकडे तोंड करून. मानेवर चष्म्याची दोरी. माझी.

खाली एकच ओळ होती. “तू बसून राहिली, म्हणून मले दिसलं वं.”

समोर गिऱ्हाईक गुलाबी लडी मागत होतं. मी त्याला थांबा म्हटलं आणि फोटो मोठा करून पुन्हा पाहिला. बाकावर माझ्या शेजारची जागा त्यांनी रिकामी ठेवली होती.