राहिलेल्या चार गोळ्या

ते प्रकरण इतक्या वर्षांनीही माझ्या मनातून गेलेले नाही. मी तेव्हा यवतमाळ जिल्ह्यात आर्णी भागात ठाणेदार होतो. कापसाच्या भावासाठी रास्ता रोको चालू होता आणि यवतमाळची एसटी चार दिवस बंद होती. त्या काळात रुग्णालयातून मेमो आला की आम्ही वाचण्याआधीच फवारणीचे औषध गृहीत धरत असू.

त्या दुपारच्या मेमोत तहसीलमधून निवृत्त झालेल्या एका लिपिकाचे नाव होते. घरात बेशुद्ध, नाडी मिनिटाला अडतीस. पाठोपाठ त्यांचा शेजारी ठाण्यात आला.

"साहेब, सकाळीच सासरा-सुनेचं जोरात वाजलं. अन् तिच्या मोरीत फवारणीची बाटली हाय. आता तुमीच समजून घ्या."

पंचांसमक्ष बाटली जप्त केली. ती अर्धी रिकामी होती. मुलगा यवतमाळला नोकरीला, म्हणजे घरात दोघेच. सुनेला रुग्णालयाच्या व्हरांड्यात महिला शिपायाजवळ बसवून मी विचारपूस सुरू केली.

"चहात काय टाकलं?"

"साखर टाकली, साहेब. अजून काय टाकतेत?"

"भांडण कशावरून झालं?"

"भांडण झालंच नाही."

ती खोटे बोलत होती, हे उघड होते. मी तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारत राहिलो. अर्धा तास गेला. तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. फवारणीच्या विषबाधेत डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, तोंडाला फेस येतो. इथे तसे काही नव्हते, पण नाडी उतरत चालली होती.

"कोणी दिलं ते तुम्ही नंतर शोधा," ते म्हणाले. "पोटात काय गेलं ते आत्ता सांगा. त्याशिवाय मी नेमका इलाज करू शकत नाही. रोजची गोळी कोणती चालू आहे?"

हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. सुनेने सांगितले, बीपीची आणि छातीत धडधड होते त्याची, रोज सकाळी एक. नवरा महिन्याचे पाकीट एसटीच्या कंडक्टरजवळ देई, ती स्टँडवरून आणी. बस बंद पडली तशा गोळ्या संपल्या. त्या ताकदीची गोळी आर्णीत मिळाली नाही. पाकीट आदल्या संध्याकाळी पहिल्या बसने आले होते.

"आज किती दिल्या?" डॉक्टरांनी विचारले.

महिला शिपाई वयाने मोठी होती. ती म्हणाली, "बाई, म्हातारा जाऊन राह्यला. भांडली असशील तर भांडली, बोल ना आता!"

तेव्हा ती रडायला लागली. "म्या रोज एकेक काढून देतो. आज ते म्हणे, चार दिवसाच्या बाकी हायेत, त्या बी दे. म्या म्हटलं, असं नसते. ते म्हणे, तू मले शिकवतं का? मंग म्या रागानं पाकीटच त्याईच्या अंगावर फेकलं अन् कापडं धुवाले गेली."

एक शिपाई धावत त्यांच्या घरी गेला. चष्म्याच्या घरात पाकीट सापडले. नव्या पट्टीतल्या पाच गोळ्या गायब होत्या. डॉक्टरांनी नाव वाचले आणि लागलीच उपचार बदलले. नाडी जरा सावरल्यावर गाडीने यवतमाळला हलवले. तो रस्ता आदल्या दुपारीच मोकळा झाला होता.

तिथे मुलाचे म्हणणे होते, "ह्या गोळ्याच कायमच्या बंद करा." तिथल्या डॉक्टरांनी त्याला बसवून समजावले. ही गोळी हृदयाचा वेग आवरते. अचानक सोडली तर धडधड, छातीत दुखणे उसळते, झटकाही येऊ शकतो. चुकलेल्या एकदम घेतल्या तर नाडी बसते. राहिल्या त्या राहिल्या. दोन-चार दिवस खंड पडला तर पुन्हा कशी सुरू करायची हे डॉक्टरांनीच ठरवायचे, आणि पट्टी संपायच्या आठवडाभर आधी दुसरी घरात हवी.

तिसऱ्या दिवशी मी लिपिकसाहेबांचा जबाब घेतला. आवाज क्षीण होता, पण ताठा कायम.

"तीस वर्षं नोकरी केली, साहेब. टेबलावर काम पेंडिंग ठेवलं नाही. म्हटलं, गोळ्या कायले ठेवायच्या?" मग दाराकडे पाहत म्हणाले, "सुनेले बोलवा ना. चार घास खाऊ घालाले तिच्याशिवाय जमत नाही कोणाले."

मी चौकशी बंद केल्याचा अहवाल पाठवला. बाटली तुरीच्या फवारणीत अर्धी वापरलेली होती, इतकेच. पुढे प्रत्येक मेमोवर माझा पहिला प्रश्न रोजच्या औषधाचा असे. पण त्या दिवसाचा अर्धा तास माझ्याकडून गेला. भांडण कबूल केले तर खुनी ठरू, असे त्या बाईला वाटले. तिचा अंदाज चुकीचा नव्हता. मी तिला खुनी ठरवूनच समोर बसलो होतो.