साय काढणाऱ्या वहिनी

कागद गिरणीत सगळे त्यांना वहिनीच म्हणत. धाकटा दीर त्याच गिरणीत कामाला लागला आणि पहिल्याच दिवशी भर पाळीत त्याने हाक मारली, "वहिनी, डबा घरीच विसरलीस की!" तेव्हापासून मॅनेजरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांच्याच त्या वहिनी झाल्या. त्याच न्यायाने त्यांचे यजमान सगळ्यांचे दादा. धाकटा मात्र दोन पोरांचा बाप झाला तरी धाकटाच राहिला.

वहिनींचं काम साय काढायचं. लाकडाचे तुकडे औषधात शिजवून लगदा वेगळा केला की मागे काळंकुट्ट पाणी उरतं. एके काळी ते सरळ ओढ्यात सोडून देत; ओढ्यातले मासे केव्हाच संपले. आता ते आटवून भट्टीत जाळतात आणि त्यातलं शिजवायचं औषध परत मिळवतात. पण आटवताना त्यावर तपकिरी, फेसाळ साय धरते. तो लाकडातल्या राळेचा साबण. तो आम्लात उकळला की वर तेल येतं, आणि रंगवाले ते हौसेने घेऊन जातात. सायीबरोबर काळं पाणी येऊ नये आणि काळ्या पाण्याबरोबर साय पुढे जाऊ नये, एवढं बघत वहिनी उंच टाकीच्या कठड्याशी उभ्या असत. "टाकाऊतनं कामाचं काढायचा हात आहे मला," त्या हसून म्हणत. "उगाच नाही तुमच्या दादांबरोबर संसार केला."

वहिनी झडप उघडून सोडत तो साबण खालच्या शेडमध्ये दादांकडे जाई. आम्लाच्या मोठ्या भांड्यावर दादा असत. तेल वर आलं की तळाचं आंबट पाणी ते झडप उघडून गटारीत सोडत. गटार पुढे एका खोल खड्ड्यात उतरे आणि तिथला पंप ते पाणी उपसून पुढे पाठवी. पंपांची देखभाल धाकट्याकडे. तिघांची कामं अशी एका ओळीत, आणि घरंही भिंतीला भिंत लागून. सासूबाई दारातच बजावत, "आधी कपडे बदला, मग घरात या. कुजकी अंडी फोडल्यासारखा वास येतोय."

त्या वासाचं गिरणीत कुणाला काही वाटत नसे. पण दरवर्षी शिकवायला येणारा माणूस एक गोष्ट घोकून घेई. काळं पाणी आणि आंबट पाणी एकत्र येता कामा नये. आलं तर विषारी वायू सुटतो. थोडा असला तर नाकाला झोंबतो, फार झाला तर नाकच मारतो. वास येता येता एकदम बंद झाला, तर पळा. आणि खड्ड्यात कुणी पडला तर मास्क लावल्याशिवाय त्याच्या मागे उतरायचं नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. हे शेवटचं तो सहज बोलून जाई. दादा आणि धाकटा एकमेकांकडे बघून हसत.

त्या दुपारी आटवणीच्या बाजूला एक सांधा गळला. सांडलेलं काळं पाणी माणसांनी पाइप लावून गटारीत धुऊन काढलं. त्यातल्या घाणीने खड्ड्यातला पंप अडकला, म्हणून धाकटा शिडीने खाली उतरला. आंबट पाणी आता सोडू नका, हे दादांना कळवायला हवं होतं. कळवलं असेल कुणीतरी, असं प्रत्येकाला वाटलं.

वहिनी वरून बघत होत्या. गटारीतून काळा ओघळ सावकाश चालला होता. एवढ्यात दादांच्या शेडकडून पिवळट पाण्याची धार आली. दोन्ही जिथे मिळाली तिथे फेस उसळला, पातेल्यातलं दूध वर यावं तसा. वहिनींच्या छातीशी लावलेलं, विषारी वायू लागला की वाजणारं यंत्र अजून गप्प होतं, कारण वायू जड, खालीच राहतो, आणि त्या उंचावर होत्या. त्यांनी भिंतीवरचं भोंग्याचं बटण दाबलं आणि जिना उतरायला लागल्या.

"भाऊजी, वर या! भाऊजी!"

उत्तर आलं नाही. खड्ड्याजवळ पोचता पोचता छातीवरचं यंत्र किंचाळायला लागलं. वारा पाठीमागून लागेल अशा बाजूला जाऊन त्यांनी वाकून पाहिलं. धाकटा तळाशी पंपाला टेकून बसला होता, मान छातीवर, जेवल्यावर डुलकी लागावी तसा. पिवळं हेल्मेट बाजूला पडलं होतं.

भोंगा ऐकून दादा शेडमधून बाहेर आले. त्यांनी आत पाहिलं आणि थेट शिडीला हात घातला.

वहिनींनी मागून त्यांचा पट्टा धरला.

"सोड!"

"नाही सोडणार. मास्कवाले येतायत."

"येईपर्यंत मरेल तो!"

"तुम्ही उतरलात तर तुम्हीही."

दादांनी झटका दिला. त्यांचं कोपर वहिनींच्या तोंडावर बसलं, दात हलला, तोंडात रक्ताची चव आली. दादा अंगाने दुप्पट. वहिनींनी दोन्ही पाय खड्ड्याभोवतीच्या कठड्याच्या गजात अडकवले आणि सगळा भार मागे टाकला. हात सुटत चालले होते. आता हे जाणार, दोघंही जाणार, असं वाटलं तेव्हा त्या ओरडल्या,

"तुमची झडप बंद करा आधी! पाणी अजून येतंय!"

दादा थबकले. त्यांनी गटारीकडे पाहिलं, पिवळ्या धारेकडे, मग आपल्या शेडच्या उघड्या दाराकडे. ते तिकडे पळत गेले. धार बारीक झाली आणि थांबली.

"हवेची नळी आणा!" वहिनींनी पुन्हा हाक दिली. जमीन साफ करायची लांब नळी शेडमध्ये होती. दादांनी ती ओढत आणली, वहिनींनी तोंड वारा येत होता तिकडे वळवून ती कठड्यावरून खाली सोडली, पार धाकट्याच्या तोंडाजवळ. हवा फुसफुसत राहिली. धाकटा हलला नाही. भट्टीकडची माणसं पाठीवर टाक्या आणि तोंडाला मास्क लावून आली, तोवरचा वेळ दोघं नळी धरून उभे होते आणि एकमेकांकडे बघत नव्हते.

धाकटा जगला. कितीतरी दिवस शुद्धीवर आला नाही, पण जगला. त्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर धाकट्याची बायको, वहिनींची जाऊ, त्यांच्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "तू तुझा माणूस राखलास. माझा सोडलास." वहिनींचा ओठ सुजला होता. सासूबाई मधल्या मध्ये. एका सुनेकडे पाणी मागायच्या, दुसरीकडे भांडं ठेवायच्या.

दादा घरात बोलेनासे झाले. जेवायचे, कामाला जायचे, ताट स्वतः धुवायचे. वहिनींना वाटलं, अडवलं याचाच राग. एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "पुन्हा वेळ आली तरी मी तुम्हाला धरीन. बोला नाहीतर नका बोलू."

"धरलंस ते बरोबर केलंस," दादा म्हणाले. "तू झडप म्हणालीस ना, तेव्हापासून कानात तेच आहे. माझी झडप."

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं."

"बाहेर येऊन बघायला कुणी सांगावं लागतं?"

वहिनी त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

धाकटा घरी आला तेव्हा हात थोडा थरथरायचा आणि त्या दिवसाचं काहीच आठवत नव्हतं. दादा त्याच्या खाटेजवळ उभे राहिले. जाऊ दारात होती, वहिनी तिच्या मागे.

"झडप मी उघडली होती," दादा म्हणाले.

धाकट्याला समजायला वेळ लागला. "मी खाली होतो, माहीत होतं तुला?"

"नाही."

"मग आता उभा का? बस ना."

दादा बसले. चेहरा हातात घेऊन बसले. जाऊ वळली, तिने वहिनींच्या ओठाकडे, अजून पुरत्या न भरलेल्या खुणेकडे पाहिलं. मग बाजूला सरकली आणि वहिनींना आत जाऊ दिलं. दोघींमध्ये पहिल्यासारखं व्हायला पुढे बराच काळ गेला, आणि अगदी पहिल्यासारखं झालं असं वहिनींनाही वाटत नाही.

धाकटा आता गोदामात बसतो. खड्ड्याला कुलूप आलंय. आत उतरणारा किल्ली खिशात घेऊनच उतरतो, आणि ती किल्ली परत आणून लावल्याशिवाय दादांची झडप उघडतच नाही. तशी आता काळजीच नको. तरी आंबट पाणी सोडण्याआधी दादा शेडमधून बाहेर येतात, खड्ड्यापर्यंत चालत जातात, आणि वाकून आत बघतात. वहिनींना वरून ते दिसतं. ते शेडमध्ये परत जाईपर्यंत त्या सायीच्या झडपेला हात लावत नाहीत.