वीस मिनिटांची टेकडी

"उतरू नका! अहो, उतरू नका म्हणते ना!"

बायको होडीतून ओरडत होती आणि मी उतरलो होतो. आधी घोट्यापर्यंत. मग गुडघ्यापर्यंत. मग मांडीपर्यंत. चिखलाला मी फारच आवडलो असावा!

समोर, फार तर दोनशे पावलांवर, बेट होतं. बेटावर टेकडी होती. चढायला वीस मिनिटं. तिच्यासाठी मी तीन आठवडे आराखडा आखत होतो.

मी मूळचा साताऱ्याकडचा. विरारला फ्लॅट स्वस्त मिळत होते त्या काळात एक घेतला, आणि आगाशीच्या पलीकडे खाडीकाठी भातशेती करणाऱ्या घरातली मुलगी केली. मंदा. लग्नाला पाच वर्षं झाली, तरी तिचे वडील (मी त्यांना मामा म्हणतो) मला 'पावनं'च म्हणत. गेलो की पाट, तांब्या, कोंबडी. पण 'चला जरा बांधावर' असं कधी नाही. देवाला कोणी शेतावर नेतं का? तसा मी ओटीवर बसून असायचो.

त्यांच्या बांधावरून वैतरणेच्या खाडीतलं ते बेट दिसतं. तिथे कोणी राहत नाही, कोणी जात नाही. एकदा विचारलं, "मामा, त्या टेकडीवर गेलायत कधी?"

"नाय. वर काय काम?"

साठ वर्षं डोळ्यासमोर टेकडी, आणि माणूस वर गेला नाही! ठरवलं, ह्यांना टेकडी आपणच दाखवायची. मग बघू, कसे 'पावनं' म्हणतात ते.

ओटीवर बैठक घेतली. हाताने काढलेला नकाशा, शिट्टी, दोर, ग्लुकोजची पुडी! रविवारी दहाला प्रस्थान, साडेअकराला पायथा, बाराच्या आत माथा, माथ्यावर लिमलेटच्या गोळ्या, तीनला परत. "डोंगराचं काय असेल ते आम्हाला विचारा!" मी म्हणालो. (कोणी विचारलं नव्हतं.)

मामांनी एवढंच विचारलं, "त्या रविवारी तिथी कंची?"

"छे छे, मामा! आपण नाही मानत तिथीबिथी!"

आणि मुहूर्त, अंधश्रद्धा, विज्ञान यांवर मी वीस मिनिटं बोललो. (म्हणजे एक अख्खी टेकडी!) मंदा मध्येच काही सांगायला गेली. मामांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं, ती गप्प झाली. मला वाटलं, घर माझ्या विद्वत्तेपुढे नमलं.

रविवारी मामा होडीवर आले ते टोपलीभर भाकऱ्या, बोंबलाची चटणी, कळशीभर पाणी, चटई आणि दोन छत्र्या घेऊन.

"मामा, वीस मिनिटांच्या टेकडीला संसार कशाला?"

"असू दे."

दहाला, माझ्या घड्याळाच्या काट्यावर, होडी निघाली. मामा बांबूने रेटत होते. अकराच्या सुमारास होडी मंदावली, घसटली आणि बसली.

"थांबलो का?"

"पानी गेलं."

"कुठे?"

"समिंदरात."

"परत कधी येणार?"

"तीनला उचलंल होडी."

चार तास? समोर दोनशे पावलं असताना? साताऱ्याचं रक्त उसळलं. नवेकोरे बूट आवळले आणि घेतली उडी!

पुढचं सांगितलंच. मांडीच्या वर चिखल चढला तेव्हा माझी शिट्टी आपोआप वाजायला लागली. मंदा रडकुंडीला आली होती. एवढ्यात मामांचा आवाज फुटला, पाच वर्षांत कधी न ऐकलेला:

"ए येड्या! हलू नको! बांबू धर!"

खरं सांगतो, तेवढ्या चिखलातही मला गुदगुल्या झाल्या.

मी बाहेर निघालो, उजवा बूट आतच राहिला. (तो अजून टेकडीच्या दिशेने चालला असेल.) होडीतच छत्रीखाली चटई अंथरून, टेकडीकडे बघत, आम्ही भाकरी-बोंबील खाल्ले. मामांनी बोटांवर हिशेब दाखवला. "आज अष्टमी. आठाची पाऊनपट सहा. सहाला भरती. बाराला समिंदरात ओहोटी, हितं खाडीत एकाला. तवर सगला चिखल." मी कॉमर्सचा पदवीधर, तीनदा मोजलं, तीनदा सहाच आले! मग ते पहिल्यांदाच माझ्याशी सलग बोलले. मंदा पाळण्यात असताना उधाणाने बांध फुटला होता. शेतात खारं पाणी बसलं आणि तीन वर्षं भाताचा दाणा पिकला नाही. तेव्हापासून तिथी बघितल्याशिवाय ते खाडीत पाऊलही टाकत नाहीत. आणि त्यांना मी अंधश्रद्धा समजावली होती! मी बराच वेळ उरलेल्या बुटाकडे बघत बसलो.

तीनला होडी हलली, तोंड घराकडे. 'तीनला परत' हे आराखड्यातलं तेवढं एकच कलम काटेकोर पाळलं गेलं!

काठावर एका बुटाने उतरलो. राहवेना.

"मामा, तुम्हाला सगळं ठाऊक होतं. मग बैठकीतच सांगायचं नाही का?"

मामा होडीचा दोर खुंट्याला बांधत होते. मान वर न करता म्हणाले,

"तवा तू पावना होतास."