क्रँकवरची करडी रेघ

थोरला भाऊ सोलापूरला माझ्या वसतिगृहाच्या दारात आला तेव्हा त्याच्या खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेला क्रँक होता. क्रँक म्हणजे इंजिनाच्या पोटातला वेडावाकडा, जड लोखंडी दांडा. पिस्टन वरखाली होतात, हा गोल फिरतो आणि त्याच्या फिरण्यावर मोटार चालते. तुळजापूरच्या घाटात आमच्या मोटारीचं तेल गळून गेलं, बेअरिंग वितळलं आणि इंजिन जाम झालं. आतले यात्रेकरू पायीच वर गेले. दादानं सगळं इंजिन खोलून हा दांडा काढून आणला होता. त्याच्या डोळ्यांखाली काळं साचलेलं होतं. ते ग्रीस होतं की जागरण, मला कळेना.

"चल मिस्त्रीकडं," तो म्हणाला. "एकट्याला उचलवत न्हाय आता."

मोटार फार जुनी. निजामाचं राज्य गेलं तेव्हा बदलून निघालेल्या एका अधिकाऱ्याकडून वडिलांनी, म्हणजे आबांनी, ती घेतली. त्यांना स्वतःला चालवता येत नसे, चालवी दादाच, पण गावात आम्ही मोटारवाले झालो. तसा क्रँक आता कुठं मिळत नव्हता. हाच दुरुस्त झाला तर मोटार राहणार, नाहीतर भंगारात जाणार. मग दादाला लॉरीवर पगारी ड्रायव्हर व्हावं लागलं असतं. एका लॉरीमालकानं तसं विचारलंही होतं, तेव्हा "माझं पोरगं दुसऱ्याच्या गाडीवर?" म्हणून वडिलांनी पुढचं ताट बाजूला सारलं होतं.

मिस्त्रींनी क्रँक राकेलात बुडवला, बाहेर काढून कोरडा पुसला आणि खडूची पूड माझ्या हातात दिली. "ही सगळीकडं लावा. तडा असंल तर आत शिरलेलं राकेल बाहेर येतंय, अन् पूड भिजतीय."

मी पूड चोळू लागलो.

"कालेजवाले, नवरदेवाला हळद लावताय व्हय? हलक्या हातानं!"

मग आम्ही बघत बसलो. बेअरिंग वितळलं होतं त्याच जागी, पांढऱ्या पुडीवर केसाएवढी करडी रेघ उमटली. दादा नुसता बघत राहिला.

"वरवरचा असंल तर घासण्यात जाईल," मिस्त्री म्हणाले. "खोल असंल तर मोटार देवीला वाहा."

"घासा," दादा म्हणाला.

तो दिवस कसा गेला, हे मला नीट सांगता येईल असं वाटत नाही. ग्राइंडरचं दगडी चाक, त्यावर ओघळणारं दुधासारखं पाणी, ठिणग्या. मिस्त्री जरा घासत, यंत्र थांबवून मापत, परत घासत. एक जागा झाली की क्रँक सोडून, सरकवून, नव्यानं बांधत आणि पुन्हा तेच. त्या कर्कश आवाजानं माझं डोकं जड झालं. दादा भिंतीला टेकून, मान खाली घालून बसला होता. मिस्त्री मापायला थांबले की मी मनात देवीचं नाव घेई. दादाही तेच मागत असेल असं मी धरून चाललो होतो.

दिवेलागणीला मिस्त्रींनी क्रँक उतरवला. "ही शेवटची हजामत. यापुढं घासायला लोखंड उरलं न्हाय."

परत राकेल, परत पूड. पूड पांढरीच राहिली. मिस्त्रींनी क्रँक टांगून हातोडीनं हलकेच ठोकला. घंटेसारखा स्वच्छ आवाज निघाला.

"घ्या, वाचला!"

मी हसून दादाकडं पाहिलं. तो पुडीवर वाकला होता.

"अजून जरा थांबायचं का?" त्यानं विचारलं.

"किती थांबताव? निघायचा असता तर निघाला असता की."

बाहेर चहाच्या टपरीवर दादानं कप तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. "लई थकलोय रे," तो म्हणाला. "रेघ निघाली असती तर सुटलो असतो. पगाराची गाडी बिघडली तर मालक बघतो. आपण घरी जाऊन झोपायचं."

मी म्हणालो, "मग आबांना सांग ना तसं."

"तू सांगतूस?"

आबांपुढं बोलायची सवय आम्हा दोघांनाही नव्हती.

शेवटच्या मोटारीनं आम्ही तुळजापूरला उतरलो. वडील स्टँडवरच उभे होते.

"निघाला का तडा?"

"न्हाय, आबा."

त्यांनी देवळाच्या दिशेनं हात जोडले, बराच वेळ. दादानं त्यांच्याकडं पाहिलं. काहीतरी बोलेल असं मला वाटलं.

"उद्या बांधायला घेतो," तो म्हणाला आणि तिथंच फरशीवर बसला. आडवा ठेवला तर वाकतो, म्हणून क्रँक त्यानं दोन्ही गुडघ्यांत उभा धरला होता. वडिलांचं नमस्कार करून होईपर्यंत त्याचा डोळा लागला.