फ्रेमवालीची परीक्षा

डहाणू रोडला, मसोलीच्या बाजूला आमचं फ्रेमचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता मी चालवते. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो हे आमचं रोजचं काम. फ्रेम करणाऱ्यांचीही परीक्षा असते हे मला चाळिशी ओलांडल्यावर मोबाईलवर कळलं. संस्था परदेशातली, पण परीक्षा मुंबईत देता येत होती. नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, "दे की. तुला कोण अडवतंय?"

अडवत होतं ते इंग्रजी. बारावीनंतर मी इंग्रजीत बिलांपलीकडे काही वाचलं नव्हतं.

दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा मी काउंटरवर परीक्षेचं पुस्तक उघडायची. बाबा, म्हणजे माझे सासरे, जेवून आले की शेजारी खुर्ची टाकून बसायचे. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी काच कापणं सोडलं होतं, दुकानात येणं मात्र सोडलं नव्हतं. मी पान वाचायची आणि कळलं ते त्यांना मराठीत सांगायची. पटलं नाही की ते वाद घालायचे. त्या वादातूनच माझ्या डोक्यात पक्कं बसायचं.

"चित्राला काच टेकू द्यायची नाही," मी एकदा सांगितलं.

"मग मधे हवा शिरणार. ती पण खाडीची."

"टेकली तर दमटपणाने चित्र काचेलाच चिकटतं, बाबा. आणि पाठीमागे गम लावायचा नाही. वरच्या कडेला कागदाच्या दोन पट्ट्या, गव्हाच्या खळीने. उद्या कुणाला चित्र काढायचं झालं तर ओल्या बोळ्याने सुटलं पाहिजे."

बाबा हसले. "आपण आयुष्यभर सुटू नये म्हणून काम केलं. हे लोक सुटावं म्हणून करतात!"

त्यानंतर थोड्याच दिवसांत तलासरीकडून एक अंगणवाडी सेविका आली. पिशवीतून तिने जुनी फ्रेम काढली. आत गेरूने रंगवलेल्या कागदावर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नाचा चौक होता, लग्नात घराच्या भिंतीवर काढतात तसा. तिच्या आईने काढलेला. आई आता नव्हती. कागद कडांनी काळपट झाला होता आणि मधलं पांढरं जागोजाग काचेला चिकटलं होतं.

"ताई, हे काढून नवीन फ्रेममध्ये घालाल ना?"

मी फ्रेम उलटी केली. पाठीमागे आमच्याच दुकानाचा शिक्का होता. हार्डबोर्डवर कागद गमाने पक्का चिकटवलेला. मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "हे मी केलंय. तेव्हा आम्हाला वाटायचं, घट्ट बसवलं की टिकलं."

ती बाई त्यांच्याकडे वळली. मग म्हणाली, "टिकलंच ना, काका. आमच्या घरात चुलीचा धूर, भिंतीला ओल. नुसता कागद असता तर आईचं काही उरलं नसतं."

बाबांनी फ्रेम सुलटी करून माझ्यापुढे सरकवली.

काच ओढली असती तर चौक काचेबरोबर निघून आला असता. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं, जे आपल्याला येत नाही त्याला हात लावू नका आणि गिऱ्हाइकाला तसं सांगा. मी सांगितलं. हे सोडवणारे जाणकार मुंबईत असतात हेही सांगितलं.

"मुंबईला कुठे नेऊ?" ती म्हणाली. "आहे तसं राहू द्या. अजून खराब होणार नाही एवढं बघा."

म्हणून काच, चित्र आणि बोर्ड तसेच एकत्र ठेवून मी भोवती खोल पट्टीची नवी फ्रेम केली आणि पाठ कागदाने बंद केली. कोपरे जुळतात का ते बाबांनी बोट फिरवून पाहिलं. घेऊन जाताना बाईने फ्रेम पदराखाली धरली, ऊन लागू नये म्हणून.

परीक्षा एका हॉटेलच्या हॉलमध्ये झाली. मापं सगळी इंचांत होती, ती जमली. थंडीत तळघरात ठेवलेल्या चित्रांवर एक प्रश्न होता. तळघर मी कधी पाहिलेलं नाही. जे उत्तर बरं वाटलं त्यावर खूण केली. निकाल ईमेलवर आला. पास झाले होते. नवऱ्याने जिलेबी आणली.

बाबांनी एक तुकडा खाल्ला आणि म्हणाले, "रविवारी मला धाकटी डहाणूला ने."

तिथे त्यांचे एक जुने मित्र राहतात, पूर्वी मासेमारीला होडीवर जायचे. त्यांच्या ओटीवर आईवडिलांचा एकत्र काढलेला एकच फोटो होता, फ्रेम बाबांच्या हातची. "उतरव," बाबा मला म्हणाले. मित्र गोंधळले, "अरे, चांगला तर आहे!"

"चांगला आहे तोवरच बघायला पाहिजे," बाबा म्हणाले.

फ्रेम सतरंजीवर पालथी ठेवली. खिळे गंजले होते. बाबांनी पक्कड मागितली, एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरलं आणि पहिला खिळा स्वतःच उपटला.