आबा देवाचं बोलले, फादर जमिनीचं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण यात शहाणपणा करायला गेलेला माणूस मीच आहे.

निवडणूक होऊन आणीबाणी उठली, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी न्हावऱ्याचा. पुण्यात फादर लोकांच्या कॉलेजात बी.ए.ला होतो आणि त्यांच्याच हॉस्टेलवर राहायचो. आम्ही बौद्ध. हॉस्टेलच्या फादरना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांनी मला कधी चर्चमध्ये बोलावलं नाही. उलट जयंतीच्या मिरवणुकीला जायला स्वतःची सायकल दिली. असा माणूस.

पण सुट्टीत वस्तीतल्या कुणीतरी माझ्या शर्टावरचा कॉलेजचा क्रूसाचा बिल्ला पाहिला आणि बातमी फिरली, पोरगं बाटलं. मी परत हॉस्टेलवर गेलो, तर मागोमाग वडिलांचा, म्हणजे आबांचा, निरोप. शिकणं पुरे, घरी ये.

मी रडकुंडीला येऊन फादरना सांगितलं. ते वसईचे, मराठी आपल्यासारखंच. म्हणाले, "दौंडला रेल्वेवाल्यांच्या चर्चमध्ये माझं काम आहेच. तिथून न्हावऱ्याला येतो. बोलतो वडिलांशी."

झालं, माझी झोप उडाली. आबा म्हणजे जमिनीच्या मोर्च्यात लाठ्या खाल्लेला माणूस. देवाचं नाव काढलं तर भडकणार, असा माझा हिशेब. आणि फादर? आणीबाणीत कॉलेजात कुणी चकार शब्द काढला नव्हता, म्हणजे हे पडलेल्या सरकारच्या बाजूचे, असं मी परस्पर ठरवून टाकलेलं. कुणाला विचारलं होतं? कुणालाच नाही.

मग मी बंदोबस्त केला. आबांना पत्र लिहून बजावलं, "राजकारण काढू नका, फादर पडलेल्या सरकारचे आहेत. फादरना देवाचं बोललेलं आवडतं." आणि दौंडहून येताना एसटीत फादरना सांगितलं, "देवाचं काढू नका, आबा उठून जातील. त्यांना राजकारणाशिवाय काही गोड लागत नाही."

घरी चहा झाला. आबांनी घसा खाकरला.

"फादर, देवाची किरपा कशी काय हाय सध्या?"

फादर जरा थबकले. "बरी आहे. आबा, या नव्या सरकारचं तुम्हाला काय वाटतं?"

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी डोळ्यांनीच नको म्हटलं.

"सरकारचं ऱ्हाऊ द्या. सर्गात जागा कशी मिळती, म्हंजी कुणाकुणाला?"

"जागेचंच म्हणाल, तर पडीक जमिनींचं वाटप नीट झालं पाहिजे."

चुलीपाशी आईनं तोंडाला पदर लावला. आबा मात्र पुढं सरकून बसले.

"थांबा. जमिनीचं तुमाला काय म्हाईत?"

"आमच्या तिकडं आदिवासींच्या मोर्च्यात चालायचो मी."

"आन् ह्यो तर म्हनला तुमी पडल्याल्या सरकारचं मानूस."

"मला म्हणाला, देवाचं नाव काढलं तर तुम्ही उठून जाल."

"कशापायी? मी देव मानत न्हाई. ऐकायला काय जातंय?"

दोघांनी माझ्याकडं पाहिलं. मी पाणी आणायला उठलो. हंडा काठोकाठ भरलेला होता, तरी उठलो.

परत आलो तर दोघं रंगात आलेले. जेवायला बसल्यावर फादर हळू आवाजात म्हणाले, "खरं सांगू आबा, आमच्यातसुद्धा जात गेलेली नाही." आबांनी टोपल्यातली गरम भाकरी स्वतःच्या हातानं फादरच्या ताटात वाढली. आबांना कुणाला वाढताना मी पहिल्यांदा पाहत होतो. माझ्यासाठी हा माणूस इतक्या उन्हात आला आणि आबांनी त्याचं पोटभर ऐकून घेतलं. त्या दोघांचे उपकार मी आजही मानतो. सगळं बिघडवायची तयारी तर मीच करून ठेवली होती.

संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर आबांना राहवलं नाही. "आता इचारतोच, फादर. पोराला बाटवलं न्हाई न्हवं?"

फादर गंभीरपणे म्हणाले, "आबा, दोन वर्षं झाली, मी याला सकाळी अंथरुणाची घडी घालायला सांगतोय. तेवढं मला अजून जमलेलं नाही. धर्म कुठला बदलतो हा?"

आबांनी मला नीट न्याहाळलं.

"ते आमाला बी कवा जमलं न्हाई," ते म्हणाले. "घेऊन जावा त्याला."