तीन पोरींचा एकच थायरॉइड

लातूरच्या आमच्या लॅबमध्ये रोज रक्ताच्या नळ्या जमतात, तसे किस्सेही जमतात. मी तिथली टेक्निशियन. सांगायला बसले की घरचे जेवायचे थांबतात!

* * *

आमचं मशीन लई भारी! रक्तातल्या हार्मोनला एक लेबल चिकटतं, जरासा करंट दिला की ते चमकतं. तो उजेड मोजला की रिपोर्ट तयार. हे ऐकून उदगीरचे डाळमिलवाले शेठ खुर्चीवरून उठेचनात.

"माझं रक्त चमकून राहिलं अन् मलाच दिसणार न्हाई?"

"शेठ, आत अंधार असतो. फक्त मशीनला दिसतं."

शेठनी सोबतच्या भागीदाराकडे पाहिलं. "मग ह्याच्यापेक्षा जास्त चमकलं का, तेवढं सांगा!"

* * *

दसऱ्याला काउंटरवरच्या शोभाताईंनी मशीनची पूजा केली. झेंडूची माळ नेमकी बारकोड वाचणाऱ्या काचेवर! मशीन एकही नळी घेईना.

शोभाताई शांतपणे म्हणाल्या, "आज त्याचा उपास हाय."

* * *

आता हा ऐका. मेडिकलच्या क्लासच्या होस्टेलमधल्या तीन मैत्रिणी आल्या. थकवा येतो, केस गळतात. तिघींचे रिपोर्ट सारखेच, थायरॉइड वाढलेला! त्यातल्या सुवर्णाचे पप्पा माहूरहून धावत आले, डोक्यावर पांढरी टोपी, हातात होस्टेलमधून उचललेली तिची भरलेली बॅग.

"तब्येतीपुढं डॉक्टरकी काय करायची? घरी चल."

सुवर्णा ढसाढसा रडायला लागली. मलाही बघवेना.

तेवढ्यात आमच्या डॉक्टर मॅडम बाहेर आल्या. "थायरॉइड काय डोळे आल्यासारखा खोलीभर पसरतो? औषध काय घेता गं?"

"काहीच न्हाई."

"आणि केसांसाठी?"

तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. सुवर्णानं बॅगेतून बाटली काढली. केस वाढवायच्या बायोटिनच्या गोळ्या, तिघींत मिळून एकच बाटली! "हे औषध थोडंच हाय, मॅडम?"

रक्तात बायोटिन जास्त झालं की मशीनमधला उजेड कमी पडतो; थायरॉइडच्या ह्या टेस्टमध्ये उलटंच असतं, उजेड कमी तर हार्मोन जास्त, म्हणून रिपोर्ट भलताच येतो. मॅडमनी गोळ्या आठवडाभर बंद केल्या, पुन्हा रक्त घेतलं. तिघी नॉर्मल! मी लॅबमध्ये ओरडलेच. सुवर्णानं मला मिठी मारली.

पप्पांनी बॅग तिच्या हातात दिली. "राहा, शिक. पण ही बाटली जप्त! मी घेऊन जातो."

* * *

महिन्याभरानं पप्पा लेकीला भेटायला आले. थकवा वाटतो म्हणून स्वतःचंही रक्त देऊन गेले, संध्याकाळी रिपोर्ट न्यायला आले. थायरॉइड वाढलेला!

"काही गोळ्या घेता का?" मी विचारलं.

"छे! एक बी न्हाई."

मॅडमनी रिपोर्ट पाहिला, मग पप्पांकडे पाहिलं.

"काका, जरा टोपी काढा."